अडचण ‘घरगुती’ नव्हती



२०२५ च्या जुलै महिन्यातली गोष्ट. डवरणीचे दिवस होते. आमच्या गावचा एक पोरगा कागद घेऊन माझ्या दारात आला. बारावी त्याने २०२४ ला पास केली, त्यानंतर वर्षभर चाकणकडच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली काम केले, आणि आता त्याला परत कॉलेजात नाव घालायचे होते. कॉलेजने सांगितले, मधल्या वर्षाचे गॅप सर्टिफिकेट आणा. म्हणून तो तालुक्याला गेला. कचेरीसमोर टेबल मांडून बसणाऱ्या अर्जनवीसाने ठरलेला मजकूर छापून दिला. मजकूर असा, की मी सन २०२४-२५ या वर्षात घरगुती अडचणीमुळे शिक्षण घेऊ शकलो नाही. सदर कालावधीत मी अन्य कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही. तसेच माझ्या हातून कोणतेही गैरकृत्य घडलेले नाही. वरील मजकूर खरा आहे, खोटा आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन.

पोरगा म्हणाला, “काका, याच्यावर सही करू का? हे तं खोटं लिवलं हाय.”

मी म्हटले, काय खोटे आहे?

“घरात काहीच अडचण नव्हती. माय-बाप धडधाकट हायेत. भांडण नाही, दारू नाही, दुखणं नाही. अडचण कापसाची होती. अन् गैरकृत्याचं म्हणसान तं बारा बारा घंटे उभा होतो, गैरकृत्य कराले टाइम कुठी होता?”

मी हसलो. रात्री मात्र त्या कागदाने झोप लागू दिली नाही. कारण हाच शब्द पंचवीस वर्षांपूर्वी मीही लिहून दिला होता. घरगुती अडचण. आणि तेव्हा मला तो खोटा आहे हे कळलेसुद्धा नव्हते. कृषी पदवीचा अभ्यास करून, पीकशास्त्राची पुस्तके पालथी घालून जे मला समजायला दहा वर्षे लागली, ते या पोराला वर्षभराच्या नाइट शिफ्टमध्ये कळले.

या ‘घरगुती’चा हिशेब एकदा मांडून पाहू.

पोराच्या बापाची कोरडवाहू आठ एकर. त्यात पाच एकर कापूस, बाकी तूर आणि ज्वारी. २०२३-२४ च्या हंगामात नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला, फुटलेली बोंडे भिजली, हे तुम्हाला सांगायला नको. तरी एकरी साडेचारच्या आसपास उतारा पडला. घरात २२ क्विंटल कापूस आला. त्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव होता ७,०२० रुपये. जानेवारीत याने गावात आलेल्या गाडीला घातला ६,६०० ने. घरात ठेवायला जागा नाही, अंगाला खाज सुटते, उसनवारीवाले दारात उभे, म्हणून घातला. झाले एक लाख पंचेचाळीस हजार दोनशे. बियाणे, खत, फवारणी, निंदण, किलोमागे आठ ते दहा रुपये वेचणी, बैलाचा नाहीतर ट्रॅक्टरचा खर्च असा एकरी वीस हजार धरा. कोणी कमी सांगेल, कोणी जास्त सांगेल, मी मधला धरतो. एक लाख गेले. उरले पंचेचाळीस हजार.

आता दुसरा कागद घ्या. जिल्ह्याच्या गावाला महिन्याला तीन हजारांची खानावळ, दीड हजारांची खोली, दहा महिने. पंचेचाळीस हजार. कॉलेजची फी, पुस्तके, एसटीचा पास यात धरलेला नाही. म्हणजे पाच एकरांचा कापूस अख्खाच्या अख्खा एका पोराच्या खोली-खानावळीत जातो. मग बाकीच्या माणसांनी वर्षभर खायचे काय? ज्वारी आहे म्हणाल, तर ज्वारी घरची खाऊन उरते किती आणि उरलेलीला बाजारात विचारतो कोण?

हमीभाव आणि हातात पडलेला भाव यांतला फरक क्विंटलमागे ४२० रुपये. बावीस क्विंटलचे नऊ हजार दोनशे चाळीस. दोन महिन्यांची खोली-खानावळ इथेच, गावच्या वेशीवर, गाडीच्या काट्यावर राहिली. आणि मी अजून हमीभाव रास्त आहे की नाही हे बोललोच नाही.

त्यावर बोलू. हमीभाव कशावर ठरतो? २०१८-१९ च्या अंदाजपत्रकापासून सरकार सांगते की आम्ही खर्चाच्या दीडपट देतो. कोणत्या खर्चाच्या? ‘ए-टू अधिक एफएल’च्या. ए-टू म्हणजे शेतकऱ्याने रोख नाहीतर मालाने केलेला खर्च. एफएल म्हणजे घरच्या माणसांची मेहनत. जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज यात नाही. ते धरले की ‘सी-टू’ होतो आणि त्याच्या दीडपटीचे नाव काढले की सरकारला ऐकू येत नाही. हे तुम्ही या पानांवर पुष्कळदा वाचले आहे. आज मला त्या ‘एफएल’वर बोलायचे आहे. हा एफएल कोण? तर तो आपला पोरगा. शाळा सुटल्यावर दप्तर टाकून वेचायला जाणारा. रविवारी पंप पाठीला लावणारा. दिवाळीची सुट्टी पऱ्हाटीत काढणारा.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी स्वतः उत्पादनखर्चाचे असे तक्ते भरून घेतले आहेत. अंगणात बाजेवर बसायचे, चहा प्यायचा आणि विचारायचे, घरच्या माणसांनी वेचणीला किती दिवस दिले? शेतकरी बोटे मोजायचा. मी आकडा लिहायचो, आकड्याला मजुरीच्या दराने गुणायचो. झाली मेहनत मोजून. त्या तक्त्यात बैलाच्या चाऱ्याला रकाना होता, अवजारांच्या घसाऱ्याला रकाना होता. पोराच्या गेलेल्या वर्षाला रकाना नव्हता. बैल म्हातारा झाला तर त्याची घट धरतात. सतरा वर्षांच्या पोराने वर्ष गमावले, त्याची घट कोणत्याच तक्त्यात नाही.

आणि उलट काय होते ते पाहा. पोरगा कारखान्यात गेला. तिथल्या पगारातून, ठेकेदाराने काय काय कापून घेऊन, जे उरले त्यातून त्याने जुलैत घरी चार हजार पाठवले. बापाने त्यात पन्नास घातले आणि साडेतेराशेच्या भावाने डीएपीची तीन पोती आणली. म्हणजे शेतीने पोराला शिकवायचे, तर पोरगा कारखान्यात बारा तास उभा राहून शेतीला खत घालत होता. देशाला स्वस्त कापूस मिळाला, गिरणीला स्वस्त कापूस मिळाला, कारखान्याला स्वस्त मजूर मिळाला. आणि अडचण कोणाची? घरगुती!

या पोराने तिकडे एक वही ठेवली होती. बारावीच्या जीवशास्त्राची वही, मागच्या बाजूने उलटी करून. त्याच्या परवानगीने मी ती वाचली. पहिली पाने हिशेबाची आहेत: खोलीभाडे, तेल, रिचार्ज, ड्रेसचे कापले, बुटाचे कापले. मग हळूहळू हिशेबाच्या मधे मधे वाक्ये यायला लागतात. एका खोलीत सात जण आणि चार गाद्या. दिवसपाळीवाला उठला की त्याच्याच गरम गादीवर रात्रपाळीवाला झोपतो. मशीन चालू असते तोवर झोप येत नाही, बंद पडले की डोळे मिटतात. सुपरवायझर आपल्याच जिल्ह्याचा आहे, पण ओळख देत नाही. मायचा फोन आला, जेवला का म्हणाली, हो म्हटले. एका पानावर त्याने लिहिले आहे की बसथांब्यावर कॉलेजची पोरे उभी होती म्हणून तो मागच्या गल्लीने गेला. ओळखीची होती का? नाही. त्या गावात त्याला ओळखणारे कोणीच नव्हते. तरी मागच्या गल्लीने गेला.

हे वाचताना मला माझी गल्ली आठवली. १९९९ साली मी बारावी झालो. कापूस विकला, सोसायटीचे कर्ज वळते झाले, दुकानाची उधारी फिटली, आणि बापाच्या हातात पावत्या राहिल्या. त्या हंगामात मी एका जिनिंगमध्ये लागलो. काम सोपे, ढिगातला कापूस ओढून मशीनपर्यंत न्यायचा. नाकातोंडाला रुमाल बांधायचा, तरी रात्री थुंकलो की रुई निघायची. तिथे पहिल्यांदा कळले की एका क्विंटल कापसातून चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी, आणि १७० किलोची एक गाठ बांधायला जवळजवळ पाच क्विंटल कापूस लागतो. बापाच्या पूर्ण वर्षाच्या किती गाठी झाल्या ते मी ढिगावर उभा राहून मोजले. पाच झाल्या नाहीत. समोर त्या दिवशीच्या बांधलेल्या गाठींची थप्पी माझ्या डोक्याच्या वर गेली होती. माझा बाप वर्षभर राबून त्या थप्पीचा एक कोपरासुद्धा भरत नव्हता. कापसाचे अर्थशास्त्र मी पुढे पुस्तकात शिकलो, पण पहिला धडा तो होता.

तर मी काय म्हणतो, कामाने माणूस शिकत नाही असे नाही. शिकतो. मी शिकलो, हा पोरगा शिकला. पण म्हणून व्यासपीठावरून जे आपल्याला सांगतात की बरे झाले, गरिबीत काम केले म्हणून चारित्र्य घडले, त्यांना माझा प्रश्न आहे: तुमच्या मुलांचे चारित्र्य घडवायला तुम्ही त्यांना किती वर्षे जिनिंगमध्ये पाठवले? हे लोक लगेच कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव घेतात. कमवा आणि शिका! अरे, भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, वसतिगृहे उभी केली, पोरे शेतात राबली आणि त्याच राबण्यावर त्याच वर्षी शिकली. काम शाळेच्या आवारात होते. सकाळी कुदळ, दुपारी पुस्तक. इकडे अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी वसतिगृह काढले ते त्याच जाणिवेने, की कुणब्याच्या पोराला शहरात पाठ टेकायला जागा आणि दोन वेळची भाकरी मिळाली तर तो बाकीचे पाहून घेतो. आज जे चालले आहे ते ‘कमवा आणि शिका’ नाही. आधी कमवा, मग जमले तर शिका, आणि मधल्या वर्षाबद्दल प्रतिज्ञापत्र लिहून द्या, असे चालले आहे. कर्मवीरांचे नाव याला लावू नका.

दुसरे एक सांगणारे असतात. ते म्हणतात फी तर माफ आहे, शिष्यवृत्ती आहे, मग पोरे शिक्षण का सोडतात? २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली, ही चांगलीच गोष्ट झाली, तिला नावे ठेवणार नाही. पण फीने भाकरी मिळत नाही. आणि शिष्यवृत्ती कधी जमा होते? खानावळवाला पहिल्या तारखेला पैसे मागतो. शिष्यवृत्ती वर्ष संपताना, कधी वर्ष संपल्यावर येते. मधले दहा महिने पोराने कोणाकडे उसने मागायचे? ज्याच्याकडे बाप बियाण्याला मागतो, त्याच्याकडेच.

आणि महिना पाहा. जून-जुलै. याच महिन्यात प्रवेश, याच महिन्यात पेरणी. २०२४ ला बीटी कापसाची पिशवी ८६४ रुपयांना होती. पाच एकराला दहा पिशव्या म्हणजे आठ हजार सहाशे चाळीस. एका बाजूला पिशवी, एका बाजूला पोराचे नाव घालणे, आणि घरात पैसा एकालाच पुरेल एवढा. कोणता बाप पेरणी सोडून देईल? पेरणी सोडली तर पुढच्या वर्षी पोराचे तर सोडाच, चुलीचे काय? म्हणून तो पोराला म्हणतो, यंदा थांब. ‘यंदा थांब’ या दोन शब्दांत गावागावांतली किती पोरे अडकली आहेत हे तुम्ही आपापल्या गावात मोजून पाहा. पीककर्ज फेडायची मुदत सरकारने ३१ मार्चची ठेवली, कारण माल विकल्याशिवाय शेतकऱ्याकडे पैसा येत नाही एवढे तरी तिथे समजले. मग कॉलेजचे, वसतिगृहाचे, परीक्षेचे पैसे जूनमध्येच का? ज्याच्या सातबारावर कोरडवाहू जमीन आहे त्याच्या पोराकडून ते जानेवारीनंतर घ्यायला कोणता आभाळाचा अडथळा आहे? दहावी-बारावी राहिलेली पोरे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसतात, त्याच्याही तारखा अशाच, कापूस घरात यायच्या आधीच्या. तारीख गेली की विलंब शुल्क. कोणाच्या विलंबाचे शुल्क? बोंड नोव्हेंबरला फुटते, यात पोराची चूक काय?

एक गंमत सांगतो. २०२० चे नवे शैक्षणिक धोरण म्हणते की विद्यार्थ्याने मधेच बाहेर पडावे, काम करावे, पुन्हा यावे. एक वर्ष झाले तर प्रमाणपत्र घ्यावे, दोन झाली तर पदविका. त्यासाठी २०२१ मध्ये गुणांची बँकसुद्धा काढली. येण्याजाण्याची दारे उघडी ठेवली म्हणून मोठा गाजावाजा झाला. मग दाराशी हा प्रतिज्ञापत्राचा शिपाई कशाला उभा केला? एकीकडे म्हणायचे बाहेर पडा, अनुभव घ्या. दुसरीकडे परत आलेल्याला विचारायचे, होतास कुठे वर्षभर, गैरकृत्य तर केले नाहीस? प्रतिज्ञापत्राच्या पाचशेच्या मुद्रांकाबद्दल मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना माफीची घोषणा केली, तेवढे पैसे वाचले असतील तर वाचले. संशय काही माफ झाला नाही.

आणि संशय सगळ्यांवर सारखा नाही, हेही ध्यानात घ्या. शहरातला डॉक्टरचा मुलगा नीटमध्ये मार्क कमी पडले म्हणून वर्षभर घरी बसतो, लाख-दीड लाखाचा क्लास लावतो. त्याला म्हणतात ‘ड्रॉप’ घेतला. तोही हेच प्रतिज्ञापत्र देतो. कारणाच्या जागी लिहितो, परीक्षेच्या तयारीसाठी. कोणाची भुवई वर जात नाही. त्याने वर्ष गुंतवले, आपल्या पोराने वर्ष वाया घालवले! एकाचा बाप मुलाला वर्ष देऊ शकतो, दुसऱ्याच्या बापाला मुलाकडून वर्ष घ्यावे लागते, आणि दोन्ही वर्षांना कागदावर शब्द एकच, गॅप.

पोरींचे तर आणखी वेगळे. पोरगा चाकणला नाहीतर सुरतेला गेला तर एखादा परत येतो. पोरगी घरी बसली की परत येत नाही. तिला चाकणला पाठवत नाहीत, वेचणीला पाठवतात. एक हंगाम वेचते, दुसरा वेचते, तिसऱ्या उन्हाळ्यात पत्रिका छापली जाते. तिच्या वर्षाचे प्रतिज्ञापत्र कोणी मागत नाही, कारण ती परत नाव घालायला जातच नाही. सभेत बायाबापड्या पुढच्या रांगेत बसल्या असतील तर त्यांनाच विचारा, तुमची शाळा कोणत्या हंगामात सुटली? वर्ग विचारू नका, हंगाम विचारा. पऱ्हाटीच्या की ज्वारीच्या सोंगणीच्या. बरोबर सांगतील.

माझ्या बापाला विचारले असते तर तो १९७२ म्हणाला असता. पंधरा वर्षांचा होता. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला तो शाळेत परत गेलाच नाही. ज्वारी पिकवणाऱ्या मुलखात लोकांनी परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली, ती याच साली. बाप म्हणायचा, मिलो घशाखाली उतरत नव्हती, पण उतरवली. त्याची शाळा सुटली, माझे वर्ष गेले, या पोराचे वर्ष गेले. ५० वर्षांत एवढी प्रगती झाली म्हणा, की बापाचे सगळेच गेले आणि आमचे एकेक वर्ष!

या सगळ्याची मुळे जुनीच आहेत. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात हेच मांडले होते की सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि त्यावर शिक्षण होते वरच्या वर्गाचे. तेव्हा सारा होता, पट्टी होती. आता सारा नावाला राहिला, पण वसुली थांबली नाही, ती भावातून होते. २०२२ च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांच्या वर गेला तेव्हा गावात काय झाले ते आठवा. कोणी घराला स्लॅब टाकला, कोणी मोटारसायकल घेतली, आणि कितीतरी घरांतली थांबलेली पोरे त्या जूनमध्ये कॉलेजात गेली. कोणाच्या उपदेशाने नाही गेली, कापसाने नेली. पण त्याच एप्रिलमध्ये सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले होते, गिरण्यांची ओरड ऐकून. पुढे तेच पुन्हा. आमचा हा पोरगा २०२५ च्या जुलैत कॉलेजात बसला न बसला, तोच १९ ऑगस्टला केंद्र सरकारने आयात शुल्क पुन्हा काढले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवले. म्हणजे नेमके आपला कापूस घरात येईपर्यंत. त्या हंगामाचा हमीभाव कागदावर ८,११० होता. गावात आलेल्या गाडीने काय दिले ते तुम्ही जाणता.

दिल्लीत एक अधिसूचना निघते, गावात एक पोरगा ठेकेदाराच्या गाडीत बसतो. या दोन्हींमध्ये धागा आहे, आणि तो लांब धाग्याचा आहे. मग याला घरगुती कसे म्हणता?

आता थोडे आपल्यालाही बोलायला हवे. राग आला तर येऊ द्या. वेचणीला माणूस मिळत नाही म्हणून शाळेच्या दिवशी मजुराची पोर आपल्या वावरात चालते, तेव्हा आपण डोळे मिटतो. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावणे गुन्हा आहे, २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर घरच्या शेतीतसुद्धा फक्त शाळेची वेळ सोडूनच हात लावता येतो. आपल्याला भाव मिळत नाही म्हणून मजुराला पुरेशी मजुरी देता येत नाही, हे खरे. पण आपल्या पोराचे वर्ष गेले म्हणून ओरडायचे आणि तिच्या पोरीचे गेले तर गप्प राहायचे, हे चालणार नाही. दुसरे असे, की आपण पोराला शिकवतो ते कशासाठी? शेती सुटावी म्हणून! शाळेत जा, नाहीतर माझ्यासारखा मातीत मरशील, असे रोज सकाळी बापच सांगतो. मग तो पोरगा बसथांब्यावर मागच्या गल्लीने जाणारच. लाज त्याला कारखान्याने शिकवलेली नाही.

जिल्हा सभेपुढे मी जे मांडणार आहे ते वर आलेच आहे. कोरडवाहू खातेदाराच्या आणि शेतमजुराच्या पोराकडून कॉलेजचे नि वसतिगृहाचे पैसे हंगामानंतर घ्या, शिष्यवृत्ती महिन्याच्या महिन्याला खानावळीच्या तारखेला द्या, आणि परत आलेल्या पोराकडून गैरकृत्याचा कबुलीजबाब घेणे बंद करा. भावाची मागणी तर आहेच, ती सुटली तर बाकीच्या निम्म्या मागण्या करायचे कामच पडणार नाही. कोणी म्हणेल या किरकोळ गोष्टी आहेत, आंदोलनाने मोठे बोलावे. मला त्या किरकोळ वाटत नाहीत.

त्या पोराचे काय झाले ते राहिलेच. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे तालुक्याला गेलो. अर्जनवीसाला म्हटले, घरगुती खोडा. तो म्हणाला, “साहेब, नमुना ठरलेला असते, असं कोणी लिहित नाही.” मी म्हटले, प्रतिज्ञेवर खरे लिहायचे असते ना? मग लिहा: ‘सन २०२३-२४ च्या हंगामात कापसास हमीभावापेक्षा कमी दर मिळाल्यामुळे मी २०२४-२५ या वर्षात शिक्षण घेऊ शकलो नाही. सदर कालावधीत मी कारखान्यात मजुरी केली.’ गैरकृत्याची ओळ पोराने स्वतःच काढायला लावली. अर्जनवीस कुरकुरला, पण लिहिले त्याने. पैसे मात्र नमुना बदलल्याचे वीस जास्त घेतले. कॉलेजच्या खिडकीतल्या बाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला, चष्म्यावरून पोराकडे पाहिले, म्हणाल्या, “माझे वडीलपण कापूसच पेरतात,” आणि शिक्का मारला.

सभेला येताना आपल्या गावातली ‘यंदा थांब’ म्हणून थांबलेली पोरे-पोरी सोबत आणा. त्यांचे प्रतिज्ञापत्र असेल तर त्याची प्रत आणा, नसेल तर मंडपात उजव्या बाजूला एक लिहिणारा बसवला आहे, तिथे खरे कारण लिहून घ्या; पैसे लागणार नाहीत. नाव, गाव, सुटलेले वर्ष, त्या वर्षीचा गाडीवरचा भाव, एवढे चार रकाने भरायचे आहेत. सगळे कागद एकत्र बांधून आपण जिल्हाधिकारी कार्यालयात नेऊन देणार आहोत. पावतीशिवाय परत यायचे नाही, म्हणून भाकरी बांधून या.